खपली

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसाठी बसवराज पाटावर उघडा बसला होता. अंग तेलाने चकचकीत, कपाळावर कुंकू, आणि पाठीमागे आई उटण्याची वाटी घेऊन. पुण्याहून तो आदल्या संध्याकाळीच लातूरला आला होता. एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख असला तरी आईने त्याला लहानपणीसारखंच दंडाला धरून बाथरूममध्ये आणून बसवलं होतं.

“आई, पुरे की. साल निघेल.”

“निघू दे. वर्षभराचा मळ आहे पुण्याचा.”

स्वयंपाकघरात त्याची थोरली बहीण शिवलीला फराळाचं ताट लावत होती. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, शेजारी, सगळीकडे बादल्या भरत होत्या. भिंतींमधून पाणी वाहत असल्याचा भरगच्च आवाज येत होता. शिवलीलाला तो आवाज आवडायचा. या वीस मजली टॉवरमधली पाण्याची सगळी व्यवस्था तिनेच आखलेली होती. कोणता पाइप कुठून जाईल, कुठे कोणत्या मापाचा लागेल आणि कशाचा बनलेला असेल, हे ठरवणं हा तिचा व्यवसाय. लातुरातल्या बहुतेक नव्या इमारती तिच्याच हाताखालून गेल्या होत्या.

बादलीत पडणारी धार एकाएकी बारीक झाली आणि तुटली. पाठोपाठ खोल कुठूनतरी धाडकन आवाज आला. फरशी हादरली. ताटातल्या करंज्या एकमेकींवर आपटल्या.

“भूकंप!” आई ओरडली. त्या भागातल्या तिच्या वयाच्या माणसांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

“नाही, आई. एकच धक्का होता,” शिवलीला म्हणाली आणि अनवाणीच जिन्याकडे धावली.

तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी घोट्याच्या वर आलं होतं. कोपऱ्यातल्या पंपघराचं दार चौकटीसकट बाहेर पडलं होतं आणि आतून पाण्याचा लोट येत होता. शिवलीलाने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. पंप थांबले. मग तिला हणमंत सगर दिसला. पंपांवर देखरेख करणारा हा पन्नाशीचा माणूस भिंतीला टेकून बसला होता. पाइपवरचा लोखंडी व्हॉल्व्ह सांध्यापासून तुटून त्याच्या छातीवर आदळला होता आणि अजून तिथेच पडून होता.

“बसू! लवकर ये!”

बसवराज तिच्यामागून तसाच आला होता, तेलाने माखलेला, कमरेला टॉवेल. दोघांनी मिळून व्हॉल्व्ह बाजूला केला. हणमंतचे डोळे उघडे होते.

“ताई,” तो म्हणाला, “म्या कशालाच हात लावला न्हवता.”

“माहीत आहे मला. बोलू नका तुम्ही.”

“खरंच न्हवता लावला.”

अँब्युलन्स आली. सोसायटीचे सेक्रेटरी हणमंतबरोबर रिंग रोडवरच्या नव्या हॉस्पिटलात गेले. शिवलीला मात्र खालीच थांबली. असा धक्का का बसतो, हे तिला ठाऊक होतं. लांब पाइपमधून वेगाने धावणारं पाणी म्हणजे चालती गाडी. तिच्यासमोर अचानक भिंत आली की जे होईल, तेच पाण्याचं होतं. त्याचा सगळा जोर दाबाच्या लाटेत बदलतो, ती लाट उलटी धावते आणि वाटेतला सर्वांत कच्चा सांधा फोडते. पण भिंत कुठून आली? पंपघर ते टॉवर या लांबलचक वाटेत बंद करण्यासारखं काहीच नव्हतं.

“पंपघरातली करवत दे,” ती भावाला म्हणाली.

टॉवरच्या पायथ्याशी, जिथे पाइप वर चढायला वळतो, तिथे तिने तो कापला. आडवा छेद बाहेर आला. पाइपच्या आत पोकळी उरलीच नव्हती. ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, टणक गर काठोकाठ भरला होता.

“हे होऊच शकत नाही,” बसवराज म्हणाला.

तो पाइप त्याने शोधलेला होता.

लातूरला पाणी नेहमीच मोजून मापून मिळत आलं आहे. ज्या गावाने एकेकाळी आगगाडीने आलेलं पाणी प्यायलं, तिथे वाढलेल्या मुलाला गळक्या नळाचा राग येणं साहजिक होतं. बसवराजने तो राग जपला आणि स्वतःची जखम स्वतः भरणारा पाइप बनवला. कल्पना त्याने रक्तावरून घेतली होती. आपल्या रक्तात एक लांबलचक रेणू लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळून फिरत असतो. जखम झाली, चिंचोळ्या जागेतून रक्त जोरात धावू लागलं, की त्या ओढीने गुंडा उलगडतो, त्याच्या धाग्यांत बाकीचे कण अडकतात आणि खपली धरते. बसवराजने तसाच रेणू कृत्रिमरीत्या घडवून पाइपच्या आतल्या अस्तरात बसवला. पाणी संथ असेल तर रेणू गुंडाळलेलेच राहत. पाइपला चीर पडली, चिरेतून पाणी सुसाट सुटलं, की रेणू ताणले जात, एकमेकांत गुंतत आणि क्षणात चीर बुजत असे. प्रयोगशाळा चालवणाऱ्या कंपनीने त्या पाइपला भारदस्त नाव दिलं होतं. प्लंबर मंडळी त्याला सरळ खपली पाइप म्हणत.

गळती थांबली तेव्हा गावागावांतून त्याचे सत्कार झाले. शिवलीलाने लोखंडी आणि साधे प्लास्टिकचे पाइप सोडून सगळीकडे खपली वापरायला सुरुवात केली. भावाचा शोध म्हणून तिने हे केलं नव्हतं. प्रत्येक चाचणी तिने स्वतः पाहिली होती. शिवाय त्याचं अस्तर इतकं गुळगुळीत होतं की पाणी घासत नसे. त्यामुळे तीन इंची पाइपच्या जागी अडीच इंची पुरत असे.

“गळती कुठेतरी असणारच,” बसवराज आता त्या तुकड्यात बोट रुतवायचा प्रयत्न करत म्हणाला. “त्याशिवाय हा धरत नाही.”

“गळती नव्हती. पंपाचा पडदा बॅटरीवर चालतो, त्यावरच्या नोंदी बघ. दाब शेवटपर्यंत ठीक होता. वाढला होता तो प्रवाह.”

“एवढा? एवढा प्रवाह कुठून येणार? सगळे नळ एकदम उघडल्याशिवाय...”

तो थांबला. शिवलीला त्याच्याकडेच बघत होती. त्याच्या कानामागे उटण्याचा लगदा तसाच वाळत होता.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “आज पहिली आंघोळ.”

इमारतीतले सगळे नळ एकाच वेळी कुणी उघडत नाही, या गृहीतावर पाइपांची मापं ठरतात. कुणी आंघोळ करत असतो, कुणी भांडी घासत असतं, कुणी घरातच नसतं. एका वेळी किती नळ चालू असण्याची शक्यता आहे त्याचे तक्ते असतात आणि जगभरचे लोक ते वापरतात. तसं केलं नाही तर प्रत्येक इमारतीत हत्तीच्या सोंडेएवढे पाइप टाकावे लागतील. जुन्या पाइपांत अंदाज चुकला तर फारसं बिघडत नसे. धार बारीक व्हायची, लोक कुरकुरायचे. पण या पाइपमध्ये पाण्याचा वेग हाच इशारा होता. तीन इंचीतून जाणारं पाणी अडीच इंचीतून न्यायचं तर वेग जवळजवळ दीडपट होतो. पायथ्याशी, जिथून सगळ्या मजल्यांचं पाणी जातं, तिथे तो सर्वांत जास्त. खपली बसवलेल्या इमारतींची ही पहिलीच दिवाळी, आणि सूर्य उगवायच्या आत अख्खी इमारत न्हायला बसली. पाइपला वाटलं, आपण फुटलो आहोत. त्याने खपली धरली.

“आपण दोघं लातूरचे,” शिवलीला म्हणाली. “जन्मल्यापासून या पहाटे आंघोळ करतोय आपण. आणि दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही.”

टॉवेलवरच बसवराज ओल्या जिन्याच्या पायरीवर बसला. वर घरात ठेवलेला त्याचा फोन घेऊन आई खाली आली. तो सारखा वाजत होता. नांदेडहून एका बिल्डरचा, सोलापूरहून एका सोसायटीचा, मग कोल्हापूरहून. सगळीकडे एकच तक्रार होती. आंघोळी चालू असताना पाणी बंद झालं. दोन ठिकाणी पंप उखडले होते. सुदैवाने तिथे जवळपास कुणी नव्हतं.

फोन बंद करून त्याने तो उलटा ठेवला.

ऊन वर आल्यावर दोघं हॉस्पिटलात गेले. हणमंत अतिदक्षता विभागात होता. फासळ्या मोडून आत शिरल्या आहेत, एवढंच कळलं. बाहेरच्या बाकावर त्याची बायको सुलोचना सणाची नवी साडी नेसून बसली होती. शिवलीला तिच्याजवळ बसली. शिवलीलाची नजर खिडकीबाहेर गेली. आवारात हिरवळीच्या कडेला आग विझवण्याच्या पाण्याचे लालभडक खांब ओळीने उभे होते.

त्या खांबांना जमिनीखालून पाणी पुरवणारी लाइन तिनेच आखली होती. इमारतीच्या आतले पाइप लोखंडी होते. पण जमिनीखाली लोखंड गंजतं आणि तिथली गळती कुणाला दिसत नाही, म्हणून ती पूर्ण लाइन खपलीची होती.

शिवलीला उठली, बसवराजला हाताला धरून तिने कॉरिडॉरच्या टोकाला नेलं.

“आगीच्या लाइनमध्ये पाणी एरवी हलत नाही,” ती म्हणाली. “नुसतं दाबाखाली उभं असतं. आग लागली की मगच सुटतं, आणि सुटतं तेव्हा पूर्ण जोरात.”

त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यालाही तेच दिसलं आहे.

“चाचणी झाली असेल ना इथे?”

“दाब टिकतो का, एवढीच. प्रत्यक्ष पाणी सोडून कुणी बघत नाही आपल्याकडे. इतकं पाणी मातीत घालवायचं म्हटलं की लोक अंगावर येतात.”

“थांब जरा, अक्का. मी रात्रीतून पुण्याला जातो. प्रयोगशाळेत नीट तपासतो. सणाच्या दिवशी असं काही बोललीस तर...”

“यंदा लक्ष्मीपूजनही आजच संध्याकाळी आहे, बसू. गावभर फटाके उडणार.”

“हे बाहेर गेलं तर मी संपलो. कळतंय का तुला? माझ्याबरोबर दोनशे माणसं काम करतात.”

“वर बघ,” ती म्हणाली. “चौथ्या मजल्यावर काय आहे, पाटी वाच.”

त्याने पाटी वाचली. नवजात शिशू विभाग.

“मी सांगायला चालले आहे,” शिवलीला म्हणाली. “तू येणार असशील तर ये.”

तो जागचा हलला नाही.

हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर औटी यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला अग्निशमन पंपाच्या खोलीत नेलं. काचेतला काटा पूर्ण दाब दाखवत होता.

“बिराजदार मॅडम, वर्षभर हा काटा इथेच आहे. तुमच्या घरी आज अपघात झाला, तुम्ही हादरला आहात. मी समजू शकते.”

“डॉक्टर, पाणी सोडून बघू या. काही झालं नाही तर मी तुमची माफी मागेन, आणि मला फार आनंद होईल.”

डॉक्टर औटींनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. पंपाची खोली रिकामी केली. जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह शिवलीलाने स्वतः तपासला. सगळ्यांना लांब उभं केलं. सुरक्षारक्षकांनी जाड नळी लाल खांबाला जोडून तिचं तोंड हिरवळीकडे धरलं. खिडक्यांमधून नर्सेस आणि रुग्णांचे नातेवाईक डोकावू लागले. बसवराजही येऊन भिंतीशी उभा राहिला.

खांबाचं चाक फिरवलं आणि पाणी सुटलं. अशी दणकट धार लातूरने क्वचितच पाहिली असेल. ती दुसऱ्या मजल्याएवढी उंच गेली, उन्हात चमकली. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर औटी शिवलीलाकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात धार खचली. एखाद्याने श्वास सोडावा तशी ती खाली आली, नळीच्या तोंडापाशी लोंबू लागली, आणि जमिनीखाली दबका धक्का जाणवला. नळी रक्षकांच्या हातात लुळी पडली.

टाळ्या थांबल्या. नळीच्या तोंडातून थेंब गळत होते.

“पुन्हा फिरवा,” डॉक्टर औटी म्हणाल्या. रक्षकाने चाक पूर्ण उघडलं. काही आलं नाही. दुसऱ्या खांबाचं चाक उघडलं. तिथेही तेच.

डॉक्टर औटी पंपाच्या खोलीच्या दाराशी गेल्या. काटा अजूनही पूर्ण दाबावर होता.

“हा तर भरलेला दाखवतोय,” त्या म्हणाल्या.

“तो आणखी वर्षभर भरलेलाच दाखवेल,” शिवलीला म्हणाली.

डॉक्टर औटींचा हात तोंडावर गेला. “चौथ्या मजल्यावर माझी बाळं आहेत,” त्या पुटपुटल्या, आणि मग त्यांनी भराभर सूचना द्यायला सुरुवात केली. अग्निशमन दलाला फोन गेला. बंब आवारात आणून उभे करायचे ठरले. कर्मचारी बाळांना तळमजल्यावर हलवू लागले. कापडाने झाकलेली, बाळाची एकेक काचेची पेटी जिन्यावरून उतरताना शिवलीला बघत होती. कुणीतरी तिला पाणी दिलं. ग्लास हातात धरून ती तशीच उभी राहिली. पिणं तिला जमेना.

दुपारी हणमंत गेला.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुलोचना रडली नाही. तिने शिवलीलाचा हात धरला आणि विचारलं, “ताई, कशानं लागलं म्हनं त्यास्नी?”

“पाण्याचा धक्का बसला, सुलोचनाताई. पाइपमध्ये पाणी अडलं आणि...”

“पान्यानं?” ती म्हणाली. “पान्यानं मानूस मरतं व्हय, ताई? आमच्या सासूबाई पानी आनता आनता विहिरीत पडून गेल्या. पानी नव्हतं म्हनून गेल्या त्या. आन् आता ह्ये पान्यानं?”

ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती. लाट, दाब, वेग, यांतला एकही शब्द शिवलीलाला इथे उपयोगाचा नव्हता. शेजारी उभा असलेला बसवराज खाली वाकला. “वहिनी, पाइप माझा होता,” तो म्हणाला. सुलोचनाने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा अर्थ लागला नसावा. तिने नुसती मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला.

बसवराज बाहेर आवारात गेला. लुळ्या पडलेल्या नळीशेजारी उभं राहून त्याने फोन चेहऱ्यासमोर धरला, सगळ्यांना दिसेल असा थेट व्हिडिओ चालू केला आणि बोलायला सुरुवात केली. कंपनीला त्याने विचारलं नाही. शिवलीला दारात उभी राहून ऐकत होती.

“मी बसवराज बिराजदार. खपली पाइप मी बनवला. तुमच्या इमारतीत आगीच्या पाण्याच्या लाइनमध्ये तो असेल, तर ती लाइन चालणार नाही. दाबाचा काटा काय दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका. आज त्या पाइपमुळे एक माणूस गेला. त्यांचं नाव हणमंत सगर. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. आज संध्याकाळी फटाके उडायच्या आत आपली इमारत तपासा. काही अडलं तर मला फोन करा, नंबर व्हिडिओखाली आहे.”

हे बोलणं त्याला फार महागात पडलं. कंपनीने त्याला काढलं, मग कंपनीच राहिली नाही. चौकशी समितीपुढे तो आणि शिवलीला दोघंही उभे राहिले. पाइपांच्या मापांचे तक्ते नव्याने तयार झाले आणि त्यांत सणाच्या पहाटेचा वेगळा रकाना आला. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी त्याने फोन खाली घेतला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता आणि तो बहिणीला म्हणाला, “किती इमारती असतील, अक्का? मला आकडा सांगता येत नाही. माझाच पाइप आहे आणि मला माहीत नाही.”

अर्ध्या तासाने फोन वाजला. अनोळखी नंबर होता. बसवराजने घेतला.

पलीकडे एक बाई होत्या. जालन्याजवळच्या एका निवासी शाळेतून बोलत होत्या. आवाज घाईचा, पण सावरलेला. त्यांनी त्याचं बोलणं ऐकलं होतं. लगेच आवारातल्या खांबाचं चाक उघडून बघितलं होतं. धार आली आणि बंद पडली. दिवाळीला घरी न गेलेली मुलं वसतिगृहात होती. पाण्याच्या टँकरला फोन केला होता, पण सणामुळे कुणी उचलत नव्हतं. स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची भट्टी पेटलेली होती.

“आता काय करू, सर?” त्यांनी विचारलं.

बसवराजने फोन तसाच बहिणीच्या हातात दिला.

“भट्टी विझवा,” शिवलीला म्हणाली. “आत्ता, मी फोनवर असतानाच. आणि सगळ्या मुलांना बाहेर मैदानात आणा. हो, आधी मुलं. ती सगळी बाहेर आली की मला सांगा, मग पुढचं बघू. मी फोन ठेवत नाही.”